कंसातली दोन अक्षरं

४ सप्टेंबर २००६, सोम.

ऑफिसात पाय ठेवला की आधी तो वास. ओल्या गालिच्याचा, कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या माशाचा, आणि वर हिराता-सानच्या केसांच्या तेलाचा. अकरा महिने झाले, अजून नाकाला सवय नाही. कायाबाचो स्टेशनला उतरले की मी दोन मिनिटं खालीच उभी राहते, मग वर जाते.

आज हि.नी मीटिंग रूममध्ये बोलावलं. (हि. म्हणजे हिराता-सान, आमचे मॅनेजर. पूर्ण नाव रोज लिहिण्याइतकी हौस नाही.) नखं कापत बसले होते. टिश्यू पसरून, नीट, एकेक तुकडा बाजूला सारत.

"दारापु-सान, तुम्ही केमिस्ट आहात. तुमची नजर स्वच्छ आहे." धारपचं इथे दारापु होतं. आता मीही फोनवर तसंच सांगते.

काम असं: कानेदा-साननी गेल्या आठ महिन्यांत इंग्रजीतून कोरियनमध्ये केलेलं सगळं भाषांतर काढायचं. औषधांची पत्रकं, रसायनांच्या सेफ्टी शीट्स, सगळं. आणि एक्सेलमध्ये चुका मांडायच्या. मोठी चूक, छोटी चूक.

म्हटलं, मला कोरियन येत नाही.

"अक्षरं येतात ना?"

अक्षरं येतात. कानेदा-साननीच शिकवली.

हे मी बोलले नाही. "हाय", म्हणजे हो, म्हणून बाहेर आले.


६ सप्टें., बुध.

कानेदा-सानबद्दल लिहून ठेवते, कारण एक्सेलमध्ये त्यांचं नाव 'ट्रान्सलेटर ०३' एवढंच आहे. सहासष्ट वर्षांचे. आईवडील कोरियाचे, जन्म ओसाकाचा. तीस वर्षं इथल्या कोरियन शाळेत केमिस्ट्री शिकवली, रिटायर झाल्यावर हे. खडूस माणूस. शेजारी कुणी बडबडायला लागलं की पेन्सिल खाली ठेवतात आणि ते थांबेपर्यंत उचलत नाहीत. पाठीला कसलीतरी औषधी पट्टी लावतात, तिचा उग्र वास. डब्यात रोज भात आणि पिवळा मुळा.

गेल्या नोव्हेंबरात मी इंग्रजी बाजू तपासताना सारखी त्यांच्याकडे जायचे, हे काय लिहिलंय, ते काय लिहिलंय. तिसऱ्या दिवशी वैतागले. "दारापु-सान, रसायनांची नावं आवाजावर लिहिलेली असतात. अक्षरं शिका आणि मला सोडा." मग स्वतःच जेवणाच्या सुट्टीत शिकवायला बसले. पंधरा दिवसांत वाचता यायला लागलं. अर्थ शून्य, पण 'बेन्जेन' दिसलं की बेन्झीन कळायचं. आपल्याकडे अक्षरं जोडून वाचायची सवय असतेच. ते म्हणाले, जपानी लोकांपेक्षा लवकर शिकलात. हसले नाहीत, पण म्हणाले.

मागच्या महिन्यात हि.नी भाषांतराचं सॉफ्टवेअर चाचणीला आणलं होतं. कोरियनमध्ये क्लोरिनला 'यॉमसो' म्हणतात आणि बोकडालाही यॉमसोच. मशीनने इंग्रजी केलं: बोकड नाकात गेल्यास रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे. मी वाचून दाखवलं तर कानेदा-सान चक्क चष्मा काढून डोळे पुसत होते. तेवढं एकदाच त्यांना हसताना पाहिलं.

आणि आता मी त्यांच्या फायली उघडून बसलेय. त्यांना माहीत नाही. तीन टेबलं सोडून बसतात.


१२ सप्टें., मंगळ.

सोलहून, तिकडच्या तपासणी ऑफिसातून, नियमावली आली. तिकडे रसायनांची नवी नावं आलीत, इंग्रजी उच्चाराच्या जवळची. जुनी जर्मनमधून जपानीत, जपानीतून कोरियनमध्ये गेलेली. ती आता चालणार नाहीत. सोडियमला आजवर 'नात्रियुम' म्हणत होते, आता 'सोद्युम'. पोटॅशियम 'खाल्युम' होतं, ते 'फोथाश्युम'.

सोलच्या तपासनीस बाईंनी सोबत एक ओळ लिहिली आहे: ट्रान्सलेटर ०३ च्या कोरियनला जपानचा वास येतो.

हि.नी ती ओळ पिवळ्या रंगाने अधोरेखित करून मला पाठवली.

जेवताना कानेदा-सानना सहज विचारल्यासारखं विचारलं, नव्या नावांबद्दल काय वाटतं.

"सोडियमचं चिन्ह काय?"

Na, म्हटलं.

"Na कशाचं?"

नॅट्रियमचं, अर्थात. पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील.

ते म्हणाले, "नवं लिहायला माझी हरकत नाही. मी लिहीनच. पण नर्सला, कामगाराला जे माहीत आहे ते शेजारी कंसात लिहीन. किडनीला तिकडे दोन नावं आहेत. एक डॉक्टरचं, एक घरातलं. पेशंटच्या कागदावर मी दोन्ही लिहितो."

मला आमची आई आठवली. मूत्रपिंड म्हटलं की तिला परकं वाटतं, किडनी म्हटलं की लगेच कळतं. त्यांच्याशी गप्पा मारायला तोंड कुठाय आता.


२३ सप्टें., शनि.

सुट्टी. नवरा, नितीन, घरी. त्याला म्हटलं, दोनशे फायलींत जुनी नावं हाताने शोधायची म्हणजे दिवाळी येईल. त्याने जेवण होईस्तोवर मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून दिला. फाइल उघडतो, यादीतलं जुनं नाव शोधतो, चुकांच्या रकान्यात आकडा टाकतो. दुसरं बटण दाबलं की जुन्याच्या जागी नवं घालतो. तिसरं बटण: मूळ इंग्रजीत नसलेला कंसातला मजकूर उडवतो. नियमावलीत आहेच तसं, 'पदरचं काही घालू नये'.

खूश होता. तोयोसुच्या ऑफिसात महिनोन् महिने दुसऱ्याच्या कोडमधले बग काढतो, त्याला स्वतःचं काही लिहायला मिळालं की चेहरा बदलतो. मीही खूश होते, खोटं कशाला लिहू. आकडे सरसर वर चढत होते ते बघायला मजा येत होती.

पहिल्या फायलीत छत्तीस चुका. त्यातल्या चौतीस वेळा 'नात्रियुम'.


२६ सप्टें., मंगळ.

एक भिंतीवर लावायचं कार्ड आहे. दक्षिण कोरियातल्या काचेच्या कारखान्यासाठी. हायड्रोफ्लोरिक ॲसिड अंगावर उडालं तर काय करायचं: भरपूर पाणी, मग कॅल्शियमचं जेल, ताबडतोब दवाखाना. दुखत नसलं तरी जायचं. हे ॲसिड असंच असतं, कातडीवर काही दिसत नाही, आत हाडापर्यंत जातं आणि मग काही तासांनी कळ सुरू होते.

कार्डावर कानेदा-साननी नवं नाव लिहिलंय, आठ अक्षरी, 'फुल्लुओरिन'पासून सुरू होणारं. आणि प्रत्येक वेळी पुढे कंसात दोन कोरियन अक्षरं, एक 'बुल', एक 'सान': बुलसान.

तपासताना विचारावंच लागलं. हा कंस मूळ इंग्रजीत नाहीये.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तिकडे पिंपावर काय लिहिलेलं असतं माहीत आहे?"

नाही.

"बुलसान. कारखान्यातले सगळे बुलसानच म्हणतात. आणि बुल म्हणजे विस्तव. म्हणजे या शब्दातला बुल विस्तवाचा नाही, तो वेगळ्या चिनी अक्षराचा आहे. पण कामगाराला विस्तवच ऐकू येतो. ऐकू येऊ दे. बरंच आहे."

मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. एम.एस्सी.नंतर सहा महिने मी कोकणातल्या एका केमिकल कारखान्यात ट्रेनी होते. तिथले कामगार ओलियमला, धूर सोडणाऱ्या सल्फ्युरिक ॲसिडला, 'धूरवालं' म्हणायचे. पाटीवरचं नाव कुणी वाचत नसे. 'धूरवालं फुटलं' असा ओरडा आला की सगळे पळायचे.

कानेदा-सानना म्हटलं, नियमात बसत नाही.

"मग नियमवाल्यांना विचारा."

मी हि.ना विचारलं. हि.नी सोलला विचारलं. दोन तासांत उत्तर: काढून टाका.


२९ सप्टें., शुक्र.

तिसरं बटण दाबलं. कार्डावरचा कंस नऊ ठिकाणी होता, सगळे गेले. कार्ड एकदम सुटसुटीत दिसायला लागलं. हि. म्हणाले, "किरेई." स्वच्छ. सुंदरही. दोन्हीला एकच शब्द आहे यांच्यात.

कार्ड गेलं गिऱ्हाइकाकडे. एक्सेलसुद्धा गेली. मोठ्या चुका, एकूण: चार आकडी.

घरी येऊन बाथरूम घासलं. काल घासलेलंच होतं.


१३ ऑक्टो., शुक्र.

आज कळलं एक्सेल कशासाठी होती. मला आधीच कळलं होतं. लिहिलं नव्हतं एवढंच.

सोलची नवी एजन्सी घेतली. कानेदा-सानचं काम महिनाअखेर बंद. हि.नी त्यांना मीटिंग रूममध्ये नेलं, दार लावलं, आणि काचेतून मला दिसत होतं, माझी एक्सेल रंगीत प्रिंट करून समोर ठेवली होती. लाल रकाने. लाल रंग मीच निवडला होता.

कानेदा-साननी पानं उलटली. सगळी. घाई केली नाही. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

बाहेर आले, आपल्या जागेवर बसले, पेन्सिल उचलली आणि अर्धं राहिलेलं पान पुरं केलं. माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना सगळ्यांना म्हणतात तसं "ओसाकिनी", आधी निघतो, म्हणाले, मलाही.

नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "तुला स्टाईल गाईड दिलं, तू ते लावलंस. तुझं काय चुकलं?"

म्हटलं, त्या माणसाने मला वाचायला शिकवलं.

"ते वेगळं आणि हे वेगळं."

वेगळं कसं रे.


२१ ऑक्टो., शनि.

लक्ष्मीपूजन. ग्योतोकुच्या हॉलमध्ये पन्नासेक लोक. चकल्या, पत्ते, पोरांचा दंगा, अर्धी पोरं आपापसांत जपानीत. एक नवी आलेली बाई, नवऱ्याबरोबर, फार्मसी शिकलेली, मला विचारत होती: "तुला कसं काय गं काम मिळालं? माझंपण बघ ना तुमच्याकडे." म्हटलं, बघते. तिला त्या गालिच्यावर नेऊन बसवलेलं डोळ्यांसमोर आलं. चकली तशीच ठेवून दिली.


३१ ऑक्टो., मंगळ.

निरोप. चार वाजता, दहा मिनिटं. फुलांचा गुच्छ, आणि एक चौकोनी जाड पुठ्ठा, त्यावर सगळ्यांनी दोन ओळी लिहून सही करायची. हि.नी सकाळीच मधल्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, इतकी वर्षं दमलात, आभार. मग पुठ्ठा माझ्याकडे सरकवला.

अर्धा तास पेन धरून बसले. काय लिहू? आभार? शेवटी कोरियन अक्षरांत माझं नाव लिहिलं, पहिल्या आठवड्यात त्यांनी शिकवलं होतं तसं. बाकी काही नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हि. सगळ्यात जोरात. त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला, फोटोसाठी.

कानेदा-साननी पुठ्ठा वाचला. माझ्या कोपऱ्यापाशी थांबले. "दुसऱ्या अक्षराखालची रेघ राहिली," म्हणाले. हि.कडून पेन मागून घेतलं, रेघ ओढली, पेन परत दिलं.

मी टॉयलेटमध्ये जाऊन बसले. पाण्याचा आवाज येणारं बटण असतं ना, ते दाबून.


१६ नोव्हें., गुरु.

काचेच्या कारखान्याकडून मेल. इंग्रजीत, इथल्या मुख्य ऑफिसमार्फत.

गेल्या आठवड्यात एका कामगाराच्या हातावर ॲसिड पडलं. पिंप बदलताना. हातमोज्याला भोक होतं. पिंपावर 'बुलसान' लिहिलेलं, शेजारच्या भिंतीवर आमचं कार्ड. त्याने हात पाण्याने धुतला आणि काम करत राहिला. त्याचं म्हणणं, ते कार्ड दुसऱ्याच कुठल्यातरी मालाचं आहे असं वाटलं. पुढची शिफ्ट येईपर्यंत कळ इतकी वाढली की हात घालायला बर्फ शोधत फिरत होता, मग दवाखान्यात नेला.

विचारणा: मागच्या छपाईत 'बुलसान' शब्द होता. या छपाईत नाही. का नाही? कोणी काढला?

तीनदा वाचलं. मग उलटी झाली. खरोखरची. गालिच्यावर नाही, बेसिनमध्ये, तेवढं भान राहिलं.

मागच्या छपाईत होता! म्हणजे कानेदा-सान वर्षानुवर्षं लिहीत होते तो कंस, आणि कुणाचंच कधी काही बिघडलं नव्हतं.


१७ नोव्हें., शुक्र.

हि.नी फॉर्म बनवला. तीन रकाने: काय बदल, कधी, कोणी. पहिल्या रकान्यात त्यांनीच टाइप केलं होतं, 'अतिरिक्त मजकूर काढण्यात आला'. दुसऱ्यात तारीख. तिसरा रिकामा. माझ्यापुढे ठेवला.

"इथे कानेदा-सानचं नाव येईल. भाषांतरकार तेच होते."

म्हटलं, कंस त्यांनी घातला होता. काढला मी. नको म्हणत होते ते.

"हो, पण ते आता इथे नाहीत. त्यांना काही फरक पडणार नाही." आणि मग मऊ आवाजात, "तुम्हाला पडेल. तुमच्या नवऱ्यालाही. फॅमिली व्हिसा आहे ना?"

माणूस नखं इतकी स्वच्छ कशी ठेवू शकतो.

फॉर्म घरी आणला. नितीनला दाखवला. त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "एक कर. मॅक्रो मी लिहिला ते कुठे लिहू नकोस."

मला पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसवेना. उठून गॅलरीत गेले. खाली सायकली लावायच्या जागी कुणीतरी दुसऱ्याची सायकल उचलून आपली लावत होतं.


१८ नोव्हें., शनि.

सकाळी कानेदा-सानना फोन. नंबर जुन्या नववर्षाच्या कार्डावर होता. बायकोने उचलला, मग ते आले.

सगळं सांगितलं. माझं जपानी अशा वेळी पार तुटतं, क्रियापदं सापडत नाहीत. फॉर्मचंही सांगितलं. वाटलं होतं, आता चिडतील, निदान हि.ला तरी शिव्या देतील.

"हात कुठला?" म्हणाले.

मेलमध्ये नव्हतं.

"बोटं वाचली?"

माहीत नाही.

"तुम्ही विचारलं नाही?"

नाही विचारलं. दोन दिवस मी फक्त तिसऱ्या रकान्याचा विचार करत होते. त्या माणसाचं नाव काय हेसुद्धा विचारलं नाही.

ते म्हणाले, "आधी ते विचारा," आणि फोन ठेवला.


२० नोव्हें., सोम.

तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. हि.नी फॉर्म परत पाठवला, त्यावर चिकटवलेला पिवळा कागद: 'पुन्हा विचार करावा'. आणि संध्याकाळच्या गाडीने ओसाकाला गेले, थेट पुढच्या सोमवारी येणार. सोमवारी दहा वाजता आपण बसू, म्हणाले.

त्या मेलच्या खाली कारखान्याच्या सेफ्टी अधिकाऱ्याचा पत्ता होता. मी सरळ त्यांना लिहिलं. इंग्रजीत, छोटं. कंस मी काढला. जुनं कार्ड आणि नवं कार्ड दोन्ही सोबत जोडली आहेत, आजच्या आज जुनं लावा. त्या कामगाराचा हात कसा आहे? नाव काय?

पाठवल्यावर भूक लागली. खाली कोम्बिनी दुकानात जाऊन भाताच्या दोन ओनिगिरी उभ्याउभ्याच खाल्ल्या.


२२ नोव्हें., बुध.

उत्तर आलं. कोरियनमध्ये. सगळं.

आमच्याकडे आता कोरियन वाचणारं कुणी नाही. सोलच्या एजन्सीला पाठवलं तर हि.ना कळणार. मी अक्षरं वाचू शकते. दोनदा मोठ्याने वाचलं, जागेवर बसून, पुटपुटत. बुलसान कळलं. कार्ड कळलं. माझं नाव कळलं, 'दारापु' असं. बाकी नुसते आवाज. शिव्या असतील तर शिव्याही मीच माझ्या तोंडाने वाचल्या.

रात्री जेवताना नितीन म्हणाला, "माझंही नाव लिही हवं तर. मॅक्रोचं." ताटाकडे बघतच म्हणाला. म्हटलं, बटण मी दाबलं. तो म्हणाला, "तरी लिही." पोळी वाढली त्याला. अजून राग गेलेला नाही, पण वाढली.


२६ नोव्हें., रवि.

कानेदा-सानच्या घरी गेले, प्रिंट घेऊन. मिकावाशिमा स्टेशनपासून सात-आठ मिनिटं, खाली किमचीचं दुकान, वर ते. दारावर दोन पाट्या, एकीवर कानेदा, एकीवर किम. वर्षभर एका ऑफिसात बसून मला हे आडनाव माहीत नव्हतं.

बायकोने चहा दिला, बसा म्हणाल्या, आणि आत गेल्या. घरभर तीच औषधी पट्टी. ऑफिसात नकोसा वाटायचा तो वास, इथे काही वाटलं नाही.

त्यांनी पान वाचलं. मग जपानीत सांगितलं, एकेक वाक्य, वर्गात सांगतात तसं.

उजवा हात. तर्जनी आणि मधलं बोट. मधलं राहील असं डॉक्टर म्हणतात, तर्जनीचं पेर बहुतेक काढावं लागेल. अजून ठरलेलं नाही. माणसाचं वय एकोणपन्नास. नाव दिलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. जुनं कार्ड लावलं आहे. आणि शेवटी: तो रोज मला विचारतो की शब्द होता तो काढला कशाला. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहून पाठवा, मी त्याला वाचून दाखवेन.

खालून दुकानातला रेडिओ.

मी वही काढली आणि इंग्रजीत लिहायला लागले. पहिलं वाक्य नियमावलीवर गेलं, खोडलं. दुसरं हि.वर गेलं, ते खरं होतं, तरी खोडलं. तिसरं 'तो शब्द काढण्यात आला' असं निघालं, आणि मला हि.चा टाइप केलेला रकाना दिसला. ते इतकं जोरात खोडलं की कागद फाटला. कानेदा-सान बघत होते.

चौथ्यांदा लिहिलं: तुमचा शब्द मी काढला. तुम्ही त्याला काय म्हणता हे मला सांगितलेलं होतं, आणि का सांगितलं ते मला समजलंही होतं. काढू नका म्हणणारा माणूस बरोबर होता. मी त्याचं ऐकलं नाही, कारण तसं करणं सोपं होतं.

वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी स्वतःचा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं. आपल्याबद्दलच्या वाक्यापाशी थांबले. "हे काढू या?"

म्हटलं, नको.

मग पुन्हा पहिल्या वाक्यावर गेले आणि तिथे बराच वेळ पेन्सिल टेकवून बसले.

"कोरियनमध्ये कर्ता गाळता येतो," म्हणाले. "जपानीसारखंच. 'काढला' एवढंच लिहिलं तरी चालतं. सभ्य दिसतं. उलट 'मी' लिहिलं तर जरा डोळ्यांत येतं. गाळू?"

उद्या दहा वाजता हि. समोर बसणार आहेत. व्हिसाचं बोलणार आहेत. कदाचित हे पत्रही त्यांच्या हातात पडेल.

"नको," म्हटलं. "ठेवा."

त्यांनी दोन अक्षरं लिहिली आणि कागद माझ्याकडे वळवला, मी वाचावं म्हणून. वाचलं. जेगा, म्हणजे 'मी'. उच्चार चुकला, पुन्हा म्हणायला लावला. मग पुढचं लिहायला घेतलं.